तणमोराच्या सात जागा

राळेगाव तालुक्यात त्या काळी ज्याच्या घरी बंदूक होती, त्याला गवळकिन्हीचा देवराव ठाऊक होता. रानडुकराच्या हाक्याला माणसं पुष्कळ मिळत. तणमोर पाहिजे असेल तर मात्र देवरावच लागे. गावाला लागून रोहीचा माळ होता, चांगला पाऊण कोस पसरलेला. त्या माळावर कुठं काय बसलंय हे देवराव धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून सांगायचा, आणि तो चुकला असं कोणी पाहिलेलं नव्हतं.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढं पाखरू. एरवी गवतात असं मुरून बसतं की शेजारून माणूस गेला तरी कळू नये. पण आखाड सरला, माळावरची कुसळी आणि पवन्या ही गवतं गुडघ्याच्या वर गेली, की नराच्या अंगात येतं. काळाकुळकुळीत होतो तो त्या दिवसांत. मानेखाली पांढरा पट्टा, कानामागं वर वळलेली तुऱ्याची पिसं. गवतातून पुरुषभर उंच उडी घेतो, पंख फडफडवतो, बेडकासारखा एकदा टर्र करतो आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसातून तीन-चारशे वेळा. मादीनं पाहावं म्हणून हा सगळा खटाटोप. मादी पाहते की नाही कोणास ठाऊक, बंदूकवाला मात्र नक्की पाहतो. आणि या पाखराची खोड अशी की नर आपली जागा सोडत नाही. ज्या हातभर जागेवरून काल उडी मारली, तिथूनच आज मारणार, उद्याही मारणार. ती जागा ज्याला माहीत, त्याला पाखरू मारायला डोळे मिटले तरी चालतील.

देवरावाला त्या जागा माहीत होत्या. बापाकडून आलेली विद्या होती ती. माळाचे मालक भैयासाहेब इजारदार. इजारदारी, म्हणजे गावाची जुनी मालकी, सरकारनं काढून घेतली होती, पण नाव राहिलं होतं आणि अर्धा माळही राहिला होता. उरलेला अर्धा ई-क्लास, म्हणजे सरकारी चराई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भैयासाहेबांच्या पाहुण्यांची तणमोराची शिकार ठरलेली. देवरावानं पुढं चालायचं, बोट दाखवायचं, पाखरू पडलं की धावत जाऊन आणायचं. एका गोऱ्या साहेबानं त्याला चिठ्ठी लिहून दिली होती की असा माणूस वऱ्हाडात दुसरा नाही. देवराव ती चिठ्ठी पत्र्याच्या डबीत ठेवत असे आणि पाहुण्यारावळ्यांना दाखवत असे. लिहिता-वाचता येत नसलेल्या माणसाजवळ तेवढाच एक कागद होता.

मग छप्पन सालचा दसरा आला. देवराव आणि त्याची बायको कौसल्या गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले. आल्यावर कोनाड्यातले देव नदीत सोडले. मेलेली ढोरं ओढणं तर वस्तीनं आधीच बंद केलं होतं. आता जोहारही बंद झाला.

सत्तावन्नच्या श्रावणात भैयासाहेबांचा निरोप आला. देवराव गेला. भैयासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बंदुकीच्या नळीत तेलाची चिंधी फिरवत होते.

"जयभीम," देवराव म्हणाला.

भैयासाहेबांचा हात थांबला. "जोहार विसरला का रे?"

"विसरलो नाई. सोडला."

ते थोडे हसले. माणूस वाईट नव्हता तसा. दोघं एका वयाचे. पहिली बंदूक भैयासाहेबांनी चालवली तेव्हा खांद्याला दस्ता कसा दाबायचा हे देवरावाच्या बापानं दाखवलं होतं आणि देवराव शेजारी कानावर हात ठेवून बसला होता.

"बरं, सोडला तर सोडला. करीला नागपूरचे पाहुणे येऊन राहिले. मोठे कंत्राटदार आहेत. जीप घेऊन येतील. मी सांगितलं त्यांना, आठेक नर आहेत आमच्या माळावर."

"सातच हायेत," देवराव बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यानं जीभ चावली.

"सात तर सात. पहाटे ये मग."

"येत नाई मी."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी हाय. पन येत नाई. यंदा बी नाई आन् पुढं बी नाई."

भैयासाहेबांनी चिंधी खाली ठेवली. "काहून?"

देवरावानं येताना वाटेत उत्तर जुळवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी ते आठवेना. "आता कोनाच्या बंदुकीपुढं धावाचं नाई, असं ठरवलं," एवढंच तो म्हणाला.

"माझ्या म्हण. कोणाच्या काय म्हणतो? तुझ्याशिवाय मी त्या माळावर कधी पाय ठेवला का? तीस वर्षं झाली." भैयासाहेबांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि देवरावाला तेच जड गेलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तीस वर्सं झाली म्हनूनच," तो म्हणाला आणि निघाला. फाटकापर्यंत पाठ दाखवून चालत गेला. आधी तो पाच पावलं उलटा चालत जाऊन मग वळत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया निंदणाला, तण काढायला, गेल्या तर मुकादमानं त्यांना धुऱ्यावरूनच परत फिरवलं. वस्तीतल्या एकीलाही भैयासाहेबांच्या कापसाच्या पऱ्हाटीत विळा घालू द्यायचा नाही, असा हुकूम होता. निंदणाचे ऐन दिवस होते. बाया घरी आल्या त्या थेट देवरावाच्या अंगणात.

प्रभावती सगळ्यांच्या पुढं होती. तिची जीभ वस्तीत प्रसिद्ध होती. तिच्या नवऱ्यानं गाडीचे बैल हाकताना तिचं नाव घेतलं तरी बैल धावतात, असं म्हणत.

"देवरावभाऊ, मले येक सांगा," ती म्हणाली. "येका पाखरापायी आमच्या बारा चुली बंद कायले?"

देवराव दोरी वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "पाखरापायी नाई, बाई. मी नाई म्हटलं त्याच्यापायी."

"थेच थे."

"थेच नाई थे," आतून कौसल्या म्हणाली. ती दारात येऊन उभी राहिली. "मी बी यायले तेच इचारून राह्यली कालपासून. तुमी पाखरासाठी नाई म्हटलं का सोतासाठी? येक सांगा. बाया उपाशी राहतीन त्यायले कळू तर द्या कायच्यासाठी."

देवरावानं दोरी बाजूला ठेवली.

"सोतासाठीच म्हटलं," तो म्हणाला. "खोटं कायले सांगू. त्यायच्यापुढं कुत्र्यावानी धावत जाऊन तोंडात पाखरू आनाचं, थे नको झालं. पन घरी आलो आन् झोप लागली नाई. बेचाळीसची कर आठवली."

बेचाळीसच्या करीचं त्यानं आजवर कोणाला पुरतं सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फुशारकीनं, पुढचं गाळून. त्या साली एका सकाळी अकरा नर पडले होते. गाडीच्या पुढच्या पत्र्यावर ओळीनं मांडले होते, तुऱ्याची पिसं सगळ्यांची एका बाजूला करून. साहेब लोकांनी फोटो काढला, देवरावाला कडेला उभं केलं. चिठ्ठी मिळाली ती त्याच दिवशी.

"आन् पुढच्या श्रावनात माळावर गेलो," देवराव म्हणाला, "तं तीनच उड्या मारून राह्यले होते. माद्या होत्या गंज, पायजेत तेवढ्या. गवतात हिंडत होत्या. थांबत होत्या, मान वर करून पाहात होत्या, आन् कोठूनच आवाज येत नव्हता. मले ठाऊक होतं कोनी केलं थे. गोळी त्यायची, पन बोट माहं होतं. पंधरा वर्सं लागली त्यायले तीनाचे सात व्हायले. आता हे सात बी मीच दाखवू का?"

म्हातारा श्रावण, जो लग्नात डफडं वाजवायचा आणि आता वाजवणं सोडून बसला होता, कुंपणाशी उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "तू नाई दाखवलं तं दुसरा दाखवन. तांड्यावरच्या रूपसिंगले बोलावलं म्हनते."

हे मात्र देवरावाला माहीत नव्हतं. रूपसिंग तांड्यावरचा बंजारी. देवरावाच्या मागं मागं चार-पाच पावसाळे हिंडला होता. जागा सातही नसतील, पण चार-पाच त्याला नक्की ठाऊक होत्या.

"मंग तं झालंच," प्रभावती म्हणाली. "आपली निंदनं बी गेली आन् पाखरं बी जातीन."

देवराव उठला. अंगणातल्या ओल्या मातीत त्यानं काडीनं माळ काढला: हा नाला, हा पळस, ही ई-क्लासची हद्दीची दगडं. मग सात ठिकाणी काडी टोचली.

"नर जागा सोडत नाई," तो म्हणाला. "पन जागेवर मानूस उभा राह्यला तं थो उडी बी मारत नाई. गवतात सरकून जातो, गप बसतो. आन् मानूस उभा असला तं तिकडं बंदूक रोखता येत नाई. सात जागा हायेत. मले सात मानसं पायजेत. करीच्या सकाळी, उजाडाच्या आधी. बाकी काही कराचं नाई. उभं राहाचं."

"गोळी लागली म्हंजे?" एकीनं विचारलं.

"लागू शकते," देवराव म्हणाला. "मी खोटं सांगत नाई."

कौसल्या म्हणाली, "मी येक."

श्रावणनं कुंपणापलीकडून हात वर केला. मग बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. प्रभावती त्या मातीतल्या टोचांकडं पाहत होती.

"पाखराचं मले काही समजत नाई," ती म्हणाली. "मी तं खाल्लं बी हाय थे, चांगलं लागते. पन भैयासायबाले तोंडावर नाई म्हनाचं असन, तं मी येतो. माह्या दोन्ही जावा बी येतीन." जावांना तिनं विचारलं नव्हतं, पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

शेवटची एक तरणी सून होती, नलू नावाची, नुकतीच वणीकडून या गावात दिलेली. ती कोणाशी फारशी बोलत नसे. ती नुसती पुढं आली आणि एका टोचेवर तिनं पायाचा अंगठा ठेवला. ती धरून सात झाले, देवरावाला मोजून. तोही एका जागेवर उभा राहणारच होता.

पोळा झाला. करीच्या दिवशी आभाळ भरून होतं, पाऊस मात्र नव्हता. झुंजूमुंजू होताना देवरावानं एकेकाला हाताला धरून जागेवर नेलं. गवत ओलं होतं, लुगडी मांडीपर्यंत भिजली. तो चालताना मध्येच थांबे आणि वळसा घेई.

"इथं काहून वाकडं?" नलूनं विचारलं.

"मादी हाय. चार अंडे हायेत. तिकडं पाय ठेवजो नोको."

नलूनं वाकून पाहिलं. तिला गवतच दिसलं. मग त्या गवतात एक डोळा दिसला, न मिटणारा, आणि तिनं पाय मागं घेतला.

उजेड फुटला तेव्हा जीप आली. भैयासाहेब, दोन पाहुणे आणि रूपसिंग उतरले. कंत्राटदार अंगानं थोराड, नवी कोरी बंदूक, पायात गुडघ्यापर्यंत बूट. रूपसिंग पुढं झाला. नाल्याच्या अंगानं त्यानं त्यांना पहिल्या जागेवर आणलं, तर गवतात कमरेवर हात ठेवून प्रभावती उभी.

"तू इथं काय करतेस?" भैयासाहेबांनी विचारलं.

"उभी हावो."

"निघ तिथून."

"निंदनाले येऊ नोको म्हटलं तुमी. माळावर उभं राहू नोको असं नाई म्हटलं."

कंत्राटदाराला गंमत वाटली. ते पुढच्या जागेकडं गेले. तिथं श्रावण होता, काठीवर हनुवटी टेकून. त्याच्या पुढं प्रभावतीची थोरली जाऊ. तिसऱ्या जागेनंतर गंमत संपली. कंत्राटदार भैयासाहेबांकडं पाहू लागला, भैयासाहेब रूपसिंगकडं, आणि रूपसिंग जमिनीकडं. माळावर एरवी या वेळेला चारी बाजूंनी टर्र-टर्र चालू असायची. आज तितूर सोडला तर काही ऐकू येत नव्हतं.

देवराव मधल्या जागेवर उभा होता, ई-क्लासच्या दगडापासून दहा पावलांवर, सरकारी अंगाला. भैयासाहेब सरळ त्याच्याकडं आले. बंदूक हातात आडवी होती.

"तुझंच डोकं हे."

"हाव."

"बाजूला हो, देवराव. पाहुण्यांसमोर माझी लाज काढू नको."

"तुमची लाज मी काढत नाई. मी माह्यावाली राखून राह्यलो."

"मी तीनपर्यंत मोजीन."

देवरावानं पाय गवतात घट्ट रोवले. भैयासाहेबांनी मोजलं नाही. त्यांनी बंदूक वर केली आणि देवरावाच्या डोक्यावरून बार काढला.

आवाजानं सारा माळ हलला. प्रभावतीच्या पायापासून पंधरा-वीस हातांवर दडलेला एक नर उठला आणि काळा-पांढरा, जमिनीलगत, तिच्या अंगावरूनच नाल्याकडं निघाला. कंत्राटदाराची बंदूक आपसूक खांद्याला लागली. नळी पाखरामागं फिरत आली आणि प्रभावतीच्या छातीशी येऊन थांबली. ती खाली बसली नाही. पदर तिनं डोक्यावर ओढून घेतला, एवढंच. पाखरू नाला ओलांडून गेलं.

कंत्राटदारानं बंदूक खाली घेतली. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "इजारदार," तो म्हणाला, "मला फाशी जायचं नाही एका पाखरासाठी."

"एक तरी दाखव," भैयासाहेब रूपसिंगवर ओरडले. "मादी दाखव, काही दाखव. रिकाम्या हातानं पाठवू का पाहुण्यांना?"

रूपसिंग उभा होता ती जागा देवरावाला दिसत होती. त्याच्या उजव्या पायापासून तीन हातांवर ती चार अंड्यांवरची मादी बसली होती. बार झाला तरी ती उठली नव्हती. रूपसिंगनं ती पाहिली होती. देवरावानंच त्याला शिकवलं होतं की गवताच्या आत पाहायचं, वर नाही. रूपसिंगची नजर एकदा खाली गेली, मग वर आली आणि देवरावाच्या नजरेला लागली.

"इथं काहीच नाई, मालक," रूपसिंग म्हणाला. "सारे उडून गेले."

जीप गेली. तरी सातही जण दिवस वर येईपर्यंत जागेवरून हलले नाहीत, कारण देवराव हलला नव्हता आणि हला असं त्यानं सांगितलं नव्हतं. शेवटी कौसल्या लांबून ओरडली की चूल पेटवायची आहे की नाही, तेव्हा त्याला भान आलं.

दोन दिवसांनी राळेगावहून जमादार आला. भैयासाहेबांनी तक्रार दिली होती की मालकीच्या जागेत जमाव घुसवला, अडथळा केला. देवरावाला आणि प्रभावतीला चावडीवर बोलावलं.

"जागा मालकाची होती की नाही?" जमादारानं विचारलं.

"तीन जागा मालकाच्या, चार सरकारच्या," देवराव म्हणाला. "मी सरकारच्या जागेवर होतो. बार माह्या डोक्यावरून गेला थो बी सरकारच्या जागेत गेला. थे बी लिहून घ्या. आन् अंड्यावरच्या पाखराले मारू नये असा सरकारी कायदा हाय म्हनते. साहेबाच्या राज्यातला. राळेगावात बंदुका दुरुस्त करनारा अय्यूब हाय, त्यानं बंदुकीच्या परवान्याच्या मागचं वाचून दाखवलं मले."

अय्यूबचा धंदा शिकाऱ्यांवरच चालत होता. तरी देवराव विचारायला गेला तेव्हा त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं होतं आणि म्हटलं होतं, 'लिखा तो बरोबर है देवरावभाई, आजतक पढता कौन था.'

जमादारानं पेन्सिल कानामागं खोचली. अशा भानगडीत आपण काय लिहिलं तर कोण चिडेल याचा त्यानं अंदाज घेतला आणि काहीच न लिहिता, चहा पिऊन, सायकलवर बसून निघून गेला.

निंदणाचं मात्र गवतानंच ठरवलं. आठ दिवस उघडीप पडली, भैयासाहेबांच्या पऱ्हाटीत तण पऱ्हाटीच्या वर गेलं. तांड्यावरच्या बायांना आपापली वावरं होती. मुकादम वस्तीत आला तेव्हा प्रभावतीनं त्याला उन्हात उभं ठेवलं आणि सांगितलं की साऱ्याजणी येतील, नाहीतर एकही येणार नाही. सगळ्या गेल्या.

पण भैयासाहेब विसरले नव्हते. पुढच्या वैशाखात गावात पहिल्यांदा ट्रॅक्टर आला. लोक पाहायला धावले, देवरावही गेला. ट्रॅक्टर रोहीच्या माळावर चढला आणि भैयासाहेबांचा अर्धा माळ चार दिवसांत उलटा झाला. शंभर वर्षांत नांगर न लागलेली जमीन, तिच्यातून कुसळीच्या मुळ्यांचे गठ्ठे वर आले आणि उन्हात वाळले. शिकार होत नसेल तर गवत कशाला ठेवायचं, असं भैयासाहेब म्हणाल्याचं गावात फिरलं.

कौसल्येनं त्या दिवशी नवऱ्याला जेवायला तीनदा हाक मारली. तो ओट्यावर बसून होता.

"माह्यामुळं झालं हे," तो म्हणाला. "मी बोट दाखवलं असतं तं दोन-तीन पडले असते. माळ तं राह्यला असता."

"आन् पुढच्या साली दोन-तीन. आन् मंग?" कौसल्या म्हणाली. "ट्रॅक्टर काय तुमी आनला? ज्यानं आनला त्याचं त्याच्यावर राहू द्या. ज्याचं त्याचं डोक्यावर घ्याची सवय गेली नाई अजून तुमची. जेवाले उठा."

तो उठला. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायांना घेऊन तो ई-क्लासवर गेला आणि ठरलं की सरकारी अंगाचं गवत दसरा होईस्तोवर कोणी कापायचं नाही. पिलं चालती झाली की मग. तांड्याच्या नायकाला, हिरासिंगला, रूपसिंगनं समजावलं. गाई नाल्याच्या पलीकडं वळवायचं ठरलं. कुरबुर झाली, एकदोघांनी चोरून भारे नेलेही. पण बरंचसं गवत उभं राहिलं.

अठ्ठावन्नच्या श्रावणात ई-क्लासमध्ये चार नर उठले. देवराव रोज सकाळी मोजत असे. बाकीचे तीन कुठं गेले असतील म्हणून तो नाल्याच्या वरपर्यंत हिंडून आला. मग एका ढगाळ सकाळी त्याला नांगरलेल्या अंगाकडून टर्र ऐकू आलं. त्याला वाटलं कानाचा भास.

वीतभर पऱ्हाटी होती तिथं, ओळीनं लावलेली. मध्ये काळी उघडी माती. त्या ओळींच्या मधोमध, पूर्वी जिथं पळस होता आणि आता खड्डाही बुजला होता, तिथं एक नर उभा होता. लपायला काडी नव्हती. साऱ्या गावाला दिसेल असा उघड्यावर तो उभा होता, आणि देवराव पाहत असतानाच त्यानं उडी घेतली, पुरुषभर उंच, टर्र केलं, आणि दोन पऱ्हाटींच्या मध्ये मातीवर येऊन पडला. मान ताठ केली. पुन्हा उडी.

देवरावाला हसू आलं. मोठ्यानं हसला तो, एकटाच. मग त्याचं लक्ष धुऱ्यावर गेलं. भैयासाहेब तिथं उभे होते. सकाळी वावर पाहायला निघाले होते, खांद्याला बंदूक होती, आणि तेही पाखराकडंच पाहत होते.

देवराव पऱ्हाटीच्या ओळीतून, एकाही रोपावर पाय न देता, चालत गेला.

"आता हे माझं वावर आहे," भैयासाहेब लांबूनच म्हणाले. "माळ नाही, सरकारी नाही. पेरा माझा आहे. इथं मला तू अडवू शकत नाहीस."

"वावर तुमचंच हाय," देवराव म्हणाला. "पन थ्या पाखराले कोनी सांगितलं नाई."

भैयासाहेबांनी बंदूक खांद्यावरून उतरवली. ती हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. पाखरानं पुन्हा उडी घेतली. दोघांच्याही माना एकदमच वर गेल्या, आणि एकदमच खाली आल्या.

"किती दिवस उभा राहशील?" भैयासाहेबांनी विचारलं.

"गेल्या साली सात जन होतो," देवराव म्हणाला. "आवंदा बाकीच्या बाया बी म्हनून राह्यल्या, आमाले उभं राहाची जागा अजून काहून नाई सांगितली."

तो पाखरापासून वीस पावलांवर, भैयासाहेबांच्या आणि त्याच्या मध्ये, ओळीतल्या मोकळ्या मातीवर खाली बसला. पाठ भैयासाहेबांकडं होती. खिशातून तंबाखू काढून त्यानं ती चुना लावून मळायला घेतली. मागं धुऱ्यावर बराच वेळ काही हललं नाही. मग चिखलातून जड पावलं गावाकडं जाताना ऐकू आली. देवरावानं वळून पाहिलं नाही. त्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि उड्या मोजायला लागला.